सायबर सुरक्षेचं शिक्षण : पुण्यातून पाहताना

कॉसमॉस बँक, ऑगस्ट २०१८. पुण्यात मुख्यालय असलेल्या या सहकारी बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये तीन दिवसांत गेले. ११ तारखेला २८ देशांतल्या एटीएममधून क्लोन कार्डांनी सुमारे ८० कोटी काढले गेले. १३ तारखेला स्विफ्ट या बँकांमधल्या संदेश-जाळ्यामार्गे सुमारे १४ कोटी हाँगकाँगला वळवले गेले. चोरांनी बनावट स्विच (एटीएमच्या विनंत्या बँकेपर्यंत नेणारी यंत्रणा) उभा केला होता. पैसे काढण्याच्या विनंत्या तोच मंजूर करत राहिला, बँकेच्या मूळ प्रणालीपर्यंत त्या पोहोचल्याच नाहीत. प्रगत प्रशिक्षणात असेच हल्ले टप्प्याटप्प्याने उलगडून शिकवायला हवेत.

पुण्यात हे कुठे शिकता येतं?
• सी-डॅक, म्हणजे प्रगत संगणन विकास केंद्र (स्थापना १९८८) : पीजी-डिटिस ही आयटी पायाभूत सुविधा, प्रणाली व सुरक्षेची सुमारे सहा महिन्यांची पूर्णवेळ पदविका. प्रवेश सी-कॅट परीक्षेतून. विषय : नेटवर्क, ऑपरेटिंग सिस्टीम, सायबर फॉरेन्सिक.
• डायट (डिफेन्स इन्स्टिट्यूट ऑफ अॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी), गिरीनगर : सायबर सुरक्षेत एम.टेक.

गल्लत नको
• व्हल्नरेबिलिटी असेसमेंट म्हणजे कच्चे दुवे शोधणं. पेनिट्रेशन टेस्टिंग म्हणजे त्यांतून खरंच आत शिरता येतं का, हे तपासणं.
• रेड टीम हल्ला करते, ब्लू टीम बचाव.
• ओएससीपी प्रमाणपत्र : जवळपास २४ तासांची प्रात्यक्षिक परीक्षा, वर अहवाल.
• सीआयएसएसपी प्रमाणपत्र : साधारण पाच वर्षांचा अनुभव लागतो. नवख्यांसाठी नाही.

कायदा. सरावासाठीही दुसऱ्याच्या प्रणालीत विनापरवानगी शिरू नये. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० : अप्रामाणिक हेतू असल्यास कलम ६६, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.