विलायती कादंबरीतील गृहिणी आणि तिच्या किल्ल्या

हेलन हंटिंग्डन संध्याकाळच्या वेळी दिवाणखान्यात बसून रोजनिशी लिहीत आहे. नवरा मागे कोचावर झोपला आहे अशी तिची समजूत. परंतु तो केव्हाच उठून तिच्या खांद्यावरून वाचू लागलेला असतो. वही तो हिसकावून घेतो. मुलाला घेऊन अमेरिकेस पळून जावे आणि चित्रे विकून पोट भरावे, हा तिचा बेत त्या वहीत लिहिलेला आहे. मग तो तिच्याकडे किल्ल्या मागतो : कपाटाची, मेजाची, खणांची, सगळ्यांची. तिचे रंग आणि कुंचले शेकोटीत जातात, पैसे व दागिने त्याच्या ताब्यात जातात, आणि तिच्या खर्चासाठी दरमहा थोडीशी रक्कम ठेवण्याची मेहेरबानी तो करतो.

‘द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल’ या कादंबरीतील हा प्रसंग आहे. अ‍ॅन ब्राँटी या लेखिकेने ती १८४८ साली अ‍ॅक्टन बेल या टोपणनावाने प्रसिद्ध केली. दारूच्या आणि परस्त्रीच्या नादी लागलेल्या या हंटिंग्डनचा वाचकास संताप येतो. परंतु अंगावर काटा येतो तो निराळ्याच गोष्टीने. पैसे आणि दागिने घेताना या गृहस्थाने कोणताही कायदा मोडलेला नाही! त्या काळच्या इंग्रजी कायद्यात लग्नाबरोबर पत्नीचे स्वतंत्र अस्तित्व पतीच्या अस्तित्वात विलीन होत असे. तिची रोकड त्याची, तिने मिळविलेली मजुरी त्याची, तिच्या जमिनीचे उत्पन्नही संसार चालू असेपर्यंत त्याचेच. श्रीमंत घराणी मुलीच्या नावे विश्वस्त नेमून यातून वाट काढीत. गरिबाच्या मुलीस ती वाट मोकळी नव्हती. एलिझाबेथ गॅस्केल या नामांकित लेखिकेस १८५० साली एका कथेचे वीस पौंड मिळाले, ते तिच्या यजमानांनी निवांतपणे आपल्या खिशात घालून वर बटण लावले. यजमान सज्जन होते, धर्मोपदेशक होते. म्हणून तर ती गोष्ट अधिक बोलकी आहे.

मुलांवरही हक्क बापाचाच. कॅरोलाइन नॉर्टन या लेखिकेची तीन मुले नवऱ्याने तिच्यापासून तोडली, तेव्हा तिने लेखणी उचलली आणि तिच्या खटपटीने १८३९ साली कायदा झाला. सात वर्षांखालील मुलांचा ताबा मागण्यापुरते न्यायालयाचे दार त्याने आईस उघडले. हेलनची कथा घडते ती त्याच्याही आधी, १८२० नंतरच्या दशकात. म्हणून शेवटी ती मुलास घेऊन घर सोडते तेव्हा ओसाड पडलेल्या एका जुन्या वाड्यात आपल्या आईच्या माहेरचे आडनाव लावून राहते आणि चित्रे गुपचूप लंडनला विक्रीस पाठविते.

घर सोडून गेलेल्या पत्नीस परत नांदावयास आणण्याचा दावाही पतीस करता येत असे. इंग्रजी न्यायालयांबरोबर हा दावा मुंबईस जाऊन पोहोचला, आणि १८८४ साली तो रखमाबाईंवर लागला. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी पतीकडे जाण्याचे नाकारले होते. १८८७ साली न्यायालयाने निकाल दिला की, नांदावयास जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. अशा दाव्यातील तुरुंगाची शिक्षा इंग्लंडने आपल्या घरी १८८४ सालीच रद्द केली होती, हे येथे लक्षात घ्यावे. अखेर १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन पतीने तडजोड केली. रखमाबाई पुढे लंडनला वैद्यकी शिकल्या आणि डॉक्टर होऊन हिंदुस्थानात परतल्या.

अ‍ॅन ब्राँटी १८४९ साली, वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी वारली. तिच्यामागे थोरली बहीण शार्लट हिने या कादंबरीच्या विषयाची निवडच चुकली असा अभिप्राय दिला. बहिणीच्या मायेने दिलेला असला, तरी तो अभिप्राय न्याय्य नव्हता.

खुद्द शार्लटच्या ‘जेन एअर’मध्ये (१८४७) तरी दुसरे काय आहे? जेन ही अनाथ मुलगी. रॉचेस्टर नावाच्या जमीनदाराच्या घरी वर्षाला तीस पौंड पगारावर ती शिक्षिका म्हणून राहते. मालक तिच्यावर अनुरक्त होतो, लग्न ठरते, आणि तो तिला रेशमी वस्त्रे व रत्ने घेऊन देऊ लागतो. जेन संकोचते. आपल्या पदरी काहीतरी असावे म्हणून मदीरा बेटावर व्यापार करणाऱ्या काकांस ती पत्र लिहिते. त्या पत्रामुळेच सारे उघडकीस येते. काकांचा जमेकाच्या मेसन पेढीशी व्यवहार असतो, आणि त्या मेसनांची मुलगी बर्था हीच रॉचेस्टरची हयात पत्नी! तिला वेड लागले म्हणून तो तिला आपल्या वाड्याच्या तिसऱ्या मजल्यावर कोंडून ठेवतो. पुढे काकांचे वीस हजार पौंड जेनला मिळतात. ती त्यांचे चार वाटे करून तीन आपल्या भावंडांस देते. उरलेल्या पाच हजारांवर स्वतःच्या पायांवर उभी राहून, मगच ती परत रॉचेस्टरकडे जाते. विश्वस्तांची तजवीज नसेल तर लग्न लागताच त्या पाच हजारांचे काय होणार, याविषयी मात्र कादंबरी मौन पाळते.

आणखी एका बाबतीत ती मौन पाळते. धाकट्या मुलास जमिनीचा वाटा द्यावा लागू नये म्हणून रॉचेस्टरच्या बापाने हे जमेकाचे लग्न जुळविले होते. बर्थाबरोबर तीस हजार पौंड आले. जेनचा एक हजार वर्षांचा पगार! मेसन हा मळेवाला आणि व्यापारी. जमेकाचा मळा म्हणजे मुख्यतः ऊस, आणि ऊस म्हणजे गुलामांचे कष्ट. हे पुस्तक लंडनमध्ये छापले गेले तेव्हा मॉरिशसमधील गुलामगिरी संपून बारा वर्षे लोटली होती. १८३४ च्या नोव्हेंबरात ‘अ‍ॅटलस’ जहाजातून पोर्ट लुईला उतरलेल्या शर्तबंद मजुरांच्या मागून आलेली हिंदुस्थानी माणसे उसाच्या शेतांत राबत होती. ज्यांचे पणजोबा आणि पणज्या त्या शेतांत खपल्या, त्या वाचकास बर्थाच्या हुंड्याचा आकडा वाचताना थांबावेसे वाटले तर नवल नाही. ते पैसे ज्यांच्या घामाचे, त्यांचा कादंबरीत उच्चारही होत नाही. आणि मळेवाल्याची लेक असूनही बर्थाच्या हाती त्यातले काही राहिले नाही. तिच्या बाजूने कोणी लिहावे, यास १९६६ साल उजाडावे लागले. डोमिनिका बेटावर जन्मलेल्या जीन ऱ्हीस हिने ‘वाइड सारगॅसो सी’ लिहून तिला तिचे बालपण आणि तिचे बेट परत दिले.

१८७० च्या कायद्याने विवाहित स्त्रीची कमाई तिची झाली, आणि १८८२ च्या कायद्याने तिची सर्व मिळकत. या दोहोंच्या मध्ये, १८७१-७२ साली, जॉर्ज एलियटची ‘मिडलमार्च’ आली. कादंबरी घडते ती मात्र चाळीस वर्षे आधीच्या इंग्लंडात. तिच्यातील डोरोथिया ही तरुण विधवा. तिने विल लॅडिस्लॉ या विशिष्ट पुरुषाशी लग्न केल्यास तिला आपल्या इस्टेटीतील काहीही मिळू नये, अशी पुरवणी तिच्या वृद्ध पतीने मृत्युपत्रास जोडून ठेवलेली असते. मेलेल्या माणसाचा हात किल्ल्यांवरून सुटत नाही तो असा. अनेक टीकाकारांस डोरोथियाचा शेवट फिका वाटतो. एवढी तेजस्वी स्त्री अखेर कोणाची तरी पत्नीच झाली, असे ते म्हणतात. त्यांनी तो प्रसंग पुन्हा वाचावा. बाहेर वादळ चालू आहे, विल निघून जाण्याच्या बेतात आहे, आणि डोरोथिया हुंदके देत हिशेब मांडते आहे : नवऱ्याची इस्टेट गेली तर जाऊ दे, तिचे स्वतःचे वर्षाला सातशे पौंड आहेत, नवे कपडे तिला लागणार नाहीत, आणि कोणत्या वस्तूला काय पडते ते ती शिकून घेणार आहे.