आईच्या गोळ्या आणि स्टोलर यांचा सिद्धान्त

‘लिंग आणि लिंगभाव वेगळे, हे फ्रॉईडनेच सांगितलं ना?’ असं एका वाचकाने विचारलं आहे. अर्धंमुर्धं सांगितलं. ‘पुरुषी’ आणि ‘बायकी’ हे शब्द लोक तीन निरनिराळ्या अर्थांनी वापरतात, अशी तळटीप त्यांनी १९१५ मध्ये लिहिली होती. पण ‘मी कोण’ ही आतली जाणीव शरीरापासून वेगळी काढून ‘लिंगभाव ओळख’ या नावाने मनोविश्लेषणात रुजवली ती लॉस एंजलिसच्या मनोविश्लेषक रॉबर्ट स्टोलर यांनी, १९६० च्या दशकात. या ओळखीचा गाभा पहिल्या दोन-तीन वर्षांतच घडतो, असं त्यांचं म्हणणं.

या कथेत माझ्या मते सर्वांत मोलाचं पात्र मात्र वेगळंच आहे. १९५८ मध्ये १९ वर्षांची एक मुलगी स्टोलर यांच्याकडे आली. शोधनिबंधांत तिचं नाव अ‍ॅग्नेस. जननेंद्रियं पुरुषाची, पण स्तन, कंबर, त्वचा अगदी बाईची. वयात येताना हे आपोआप झालं, असं तिने सांगितलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, वृषणांतूनच इस्ट्रोजेन स्रवत असावं असं निदान केलं आणि १९५९ मध्ये तिची शस्त्रक्रिया झाली. लिंगभावामागे एखादी जैविक शक्ती असते, या स्टोलर यांच्या मताला ही केस मोठा आधार ठरली.

१९६६ मध्ये तिनेच त्यांना खरं सांगितलं. बाराव्या वर्षापासून ती आईच्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेत होती. गर्भाशय काढल्यानंतर आईला त्या लिहून दिलेल्या होत्या. पोरगी औषधाच्या दुकानात जाऊन ‘आईसाठी’ म्हणून गोळ्या आणायची, पैसे आईच्याच पर्समधले. आपल्याला कोणतं शरीर हवं हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि खरं सांगितलं तर शस्त्रक्रिया नाकारतील हेही. तिला लबाड म्हणणं मला मुळीच पटत नाही. दार उघडायचा दुसरा मार्ग तिला कुणी ठेवलाच नव्हता.

स्टोलर यांनी १९६८ मध्ये आपला निष्कर्ष जाहीरपणे मागे घेतला, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. पुढे अशा लिंगभावाचं कारण शोधताना त्यांचा भर आई आणि मुलाच्या अतिजवळिकीवर राहिला. तो सिद्धान्तही थोडक्याच कुटुंबांच्या कहाण्यांवर उभा होता, आणि तोलून घ्यायला तुलनेचा गट नव्हता.