घरी शिकवणं आणि घरी ठेवणं

आम्ही कार्ल्याच्या बचत गटातल्या बाया. आज जरा वेगळ्या विषयावर बोलायचं आहे. काही आईवडील आपल्या मुलांना शाळेत घालत नाहीत, घरीच शिकवतात. इंग्रजीत त्याला होमस्कूलिंग म्हणतात. हे लोक असं का करतात, त्याला काय लागतं, आणि आपल्यासारख्यांनी त्यातून काय घ्यावं, काय घेऊ नये, ते आज पाहू.

आमच्याकडे हा विषय निघाला तो कार्ला फाट्यावर. पावसाळ्यातला मंगळवार होता, सकाळचे अकरा वाजले असतील. भाजीवाल्यापाशी एक दहा वर्षांची मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ उभे होते. मुलगी हिशोब करत होती, भाऊ पिशवी धरून होता. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. माणसं तर शिकलेली दिसतात, मग पोरं शाळेच्या वेळेला बाजारात कशी? आमच्यातल्या एकीने त्यांच्या आईला विचारलंच. त्या म्हणाल्या, "आम्ही यांना घरीच शिकवतो." हे कुटुंब शहरातून इकडे राहायला आलेलं. आम्ही त्या ताईंना गटाच्या बैठकीला बोलावलं आणि त्या आल्याही.

त्यांनी सांगितलं, मुलीला अक्षरं उलटसुलट दिसायची. वाचताना ओळ सुटायची. तपासणी केल्यावर डॉक्टरांनी डिस्लेक्सिया आहे असं सांगितलं. डिस्लेक्सिया म्हणजे बुद्धी कमी नाही. मूल हुशार असतं, पण अक्षर आणि आवाज यांची सांगड घालायला त्याला जास्त वेळ आणि वेगळी रीत लागते. वर्गात मुलं पुष्कळ, बाई एकट्या. मुलगी मागे पडत गेली, मुलं हसायला लागली. मग ती सकाळी उठली की पोटात दुखतं म्हणून रडायची. दोन वर्षं हे चाललं. शेवटी नवराबायकोने ठरवलं, की काही वर्षं आपणच शिकवू.

एवढं ऐकून आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "हे बरं आहे की. माझी नात सातवीत आहे. तिलाही घरीच ठेवते. तिच्या आईला हाताशी होईल, घरीच काय ते शिकेल."

ताई घाईने म्हणाल्या, "मावशी, तसं करू नका. आम्ही तिला घरी ठेवलेलं नाही, घरी शिकवतो. मी त्यासाठी माझी नोकरी सोडली आहे."

मैत्रिणींनो, आजचं सगळं बोलणं या दोन वाक्यांवर आहे.

आधी पाहू, घरी शिकवणारे लोक असा निर्णय का घेतात. ताईंचं कारण आपण ऐकलं. कुणाचं मूल सतत आजारी असतं. कुणाच्या मुलाला मारहाणीची, चिडवण्याची धास्ती बसलेली असते. कुणाची बदली दर वर्षाला नव्या गावी होते. कुणाची मुलगी खेळात किंवा गाण्यात इतकी पुढे असते, की तिला दिवसाचे चार-पाच तास सरावाला हवे असतात. काहींना मार्कांची शर्यतच नको असते. मुलाने आपल्या गतीने, हाताने करून, मातृभाषेत शिकावं असं त्यांना वाटतं.

ही रीत परदेशातून आली असं वाटेल, पण आपल्याकडे ती जुनी आहे. पंडिता रमाबाईंचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यांचा जन्म १८५८ सालचा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आधी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. बाईमाणसाला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना विद्वानांपुढे जाब द्यावा लागला. पुढे लक्ष्मीबाईंनी आपल्या मुलीला शिकवलं. हे कुटुंब तीर्थयात्रा करत गावोगाव फिरायचं, त्यामुळे शाळेचा प्रश्नच नव्हता. आईच शाळा होती. त्या शिकवणीवर रमाबाई इतक्या तयार झाल्या, की १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. सावित्रीबाई फुल्यांनाही पहिली अक्षरं घरी जोतीरावांनीच शिकवली.

पण पुढचं ऐका. रमाबाई घरी शिकल्या, तरी इतर मुलींनी घरीच शिकावं असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे दौंड तालुक्यात केडगावला मोठं काम उभं केलं. सावित्रीबाईंनी १८४८ साली जोतीरावांबरोबर पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा चालवायला घेतली. घरी शिकवणारं माणूस आपल्याला मिळालं, सगळ्यांना ते मिळणार नाही, हे दोघींना कळत होतं.

आता ताईंच्या घरी दिवस कसा जातो ते सांगतो. सकाळी दोन तास वाचन, लेखन आणि गणित. मुलीसाठी अक्षरं वाळूत बोटाने गिरवायची, मोठ्याने म्हणायची, मग वहीत. रोज थोडं, पण एकही दिवस चुकवायचं नाही. दुपारी बाकीचे विषय. भाताच्या खाचराची लांबी-रुंदी पावलांनी मोजून क्षेत्रफळ काढायचं. कार्ल्याच्या लेण्यात जाऊन चैत्यगृहाचे खांब पाहायचे. त्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. आपण एकवीरा आईच्या दर्शनाला कितीदा वर गेलो, पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांची नावं तिथे लिहिलेली आहेत हे आमच्यातल्या निम्म्या जणींना ठाऊक नव्हतं. संध्याकाळी मुलं वस्तीतल्या पोरांबरोबर खेळतात. रात्री ताई दुसऱ्या दिवसाची तयारी करतात. एका वहीत रोज काय शिकवलं, काय जमलं, काय राहिलं ते लिहून ठेवतात. ती वही त्यांनी आम्हाला दाखवली. दोन वर्षांत अशा सात वह्या भरल्या आहेत.

म्हणजे बघा, हे काम शाळेपेक्षा सोपं नाही. एका माणसाचा पूर्ण दिवस जातो, आणि ते माणूस बहुतेक घरांत आईच असते. घरातलं एक उत्पन्न बंद होतं. मुलांना सोबती मुद्दाम मिळवून द्यावे लागतात. शिवाय जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलाला दुपारचा आहार मिळतो, पुस्तकं मोफत मिळतात, मोठ्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो. शाळा सोडली की हे सगळं सुटतं.

आता कायद्याचं बोलू. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. मुलाला शाळेत दाखल करणं हे आईवडिलांचं कर्तव्य आहे, असं कलम १० सांगतं. घरी शिकवण्याची रीत या कायद्यात वेगळी सांगितलेली नाही, आणि आईवडिलांना शिक्षाही सांगितलेली नाही. म्हणून घरी शिकवणारी कुटुंबं आपल्या जबाबदारीवर हे करतात.

एका बाबतीत मात्र कायदा स्पष्ट आहे, आणि ते आपल्या कामाचं आहे. २०१२ साली कायद्यात दुरुस्ती झाली. ज्या मुलाला बहुविकलांगता किंवा तीव्र अपंगत्व आहे, त्याला घरी राहून शिक्षण घेण्याचा पर्याय हक्काने मिळाला. पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ठरावीक अपंगत्व असलेल्या मुलांना १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. तुमच्या वाडीत एखादं मूल अंथरुणाला खिळून असेल आणि "त्याचं काय शिक्षण" असं म्हणून घरात बसवलं असेल, तर वडगावला पंचायत समितीच्या शिक्षण विभागात जाऊन चौकशी करा. गटातल्या दोघीतिघी मिळून जा.

घरी शिकलेल्या मुलाला दाखला कसा मिळतो? दोन वाटा आहेत. पहिली, आपल्या राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म. हा भरून दहावी किंवा बारावीला बाहेरून बसता येतं. शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि फोटो तयार ठेवा. फॉर्मची मुदत दर वर्षी वेगळी जाहीर होते, ती जवळच्या हायस्कूलमध्ये विचारा. दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची. ही केंद्र सरकारची संस्था १९८९ सालापासून आहे. तिथे १४ वर्षं पूर्ण झाली की दहावीला नाव घालता येतं. परीक्षा वर्षातून दोनदा होते. सगळे विषय एकदम द्यावे लागत नाहीत, पास झालेला विषय जमा राहतो, आणि नाव घातल्यापासून पाच वर्षांत परीक्षा पूर्ण करता येते.

या दाखल्याकडे दुर्लक्ष करू नका. मुंबईतल्या एका मुलीची बातमी २०१६ साली पुष्कळ गाजली. सातवीनंतर ती शाळेत गेली नाही, घरीच शिकली. कॉम्प्युटरच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये तिने तीन पदकं मिळवली आणि अमेरिकेतल्या एमआयटी या नामवंत संस्थेत तिला प्रवेश मिळाला. पण आपल्याकडच्या आयआयटीत तिला जाता आलं नाही, कारण बारावी पासचा दाखला नव्हता. इतक्या हुशार मुलीचं दार दाखल्यावाचून बंद राहतं, तर आपल्या लेकीचं काय होईल?

आता पुन्हा मावशींच्या नातीकडे येऊ. चैत्रात एकवीरेची यात्रा भरते तेव्हा डोंगराच्या वाटेवर ओटीच्या, हारांच्या टपऱ्यांवर किती मुली बसलेल्या असतात ते आपण पाहतो. भातलावणीच्या दिवसांत धाकट्या भावाला सांभाळायला कोण घरी राहतं, तेही आपल्याला माहीत आहे. त्या मुलीही शाळेत नसतात आणि ताईंची मुलगीही शाळेत नसते. लांबून पाहिलं तर दोन्ही सारखंच. पण एकीसाठी आई नोकरी सोडून बसली आहे आणि दुसरीने आईचं काम उचललं आहे. सातवी-आठवीत शाळा सुटलेल्या मुलीला दोन वर्षांत स्थळं यायला लागतात. मग अठरा पूर्ण होईपर्यंत थांबा म्हणणारं घरात कुणी उरत नाही.

आमच्याच गटातल्या एकीने हे भोगलं आहे. तिला आठवीनंतर "बाहेरून दहावी देशील" असं सांगून घरी बसवलं. फॉर्म कधी कुणी आणला नाही. आज ती गटाचं पासबुक वाचते, पण सही करताना अजून तिचा हात थांबतो. त्या बैठकीत मावशींशी सगळ्यांत जास्त तीच बोलली.

म्हणून आम्ही गटात चार प्रश्न ठरवले आहेत. कुणीही मुलाला घरी शिकवतो म्हणालं, की हे विचारायचे. एक, शिकवणार कोण, आणि त्या माणसाने त्यासाठी कोणतं काम बाजूला ठेवलं आहे? दोन, रोज किती तास, आणि त्याची वही कुठे आहे? तीन, परीक्षा कोणती आणि फॉर्म कधी भरणार? चार, घरात मुलगा असता तर त्यालाही असंच घरी ठेवलं असतं का?

चारही उत्तरं नीट मिळाली, तर त्या कुटुंबाला नावं ठेवू नका, लागेल ती मदत करा. नाही मिळाली, तर मुलीला पुन्हा शाळेत न्या. मध्येच शाळा सुटलेल्या मुलालाही त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश द्यायचा आणि मागे राहिलेलं भरून काढायला वेगळी शिकवणी द्यायची, असं कायद्याचं कलम ४ सांगतं. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

मावशींची नात आता आठवीत आहे. सकाळी दप्तर घेऊन ती आमच्या दारावरून जाते. शनिवारी दुपारी ती ताईंच्या घरी जाते आणि त्यांच्या मुलीला मराठी वाचून दाखवते. ती मुलगी तिच्याबरोबर ओळीवर बोट ठेवून वाचते. हल्ली तिची ओळ सुटत नाही.

तुमच्या वाडीत कोण मूल घरी आहे आणि का आहे, ते येत्या बैठकीत एकदा मोजून पाहा.