मॅटाडोरच्या खिडकीतून पाणी येतं कुठून?

जुन्या मॅटाडोरमध्ये नाहीतर टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी बसवून फिरतं घर केलेल्या माणसाची खरी परीक्षा जूनमधली पहिली मोठी सर घेते. सकाळी गादीचा कोपरा ओला लागतो, खिडकीखालचं प्लायवूड फुगलेलं दिसतं आणि मग सल्ल्यांना तोटा राहत नाही. ‘सिलिकॉन मारून टाका.’ ‘रबर गेलंय, नवीन टाका.’ ‘जुनी गाडी आहे, गळणारच.’ यातला एकही सल्ला पूर्ण खोटा नाही, म्हणूनच ते जास्त महागात पडतात.

‘गळणारच’ हा त्यातला सर्वांत लाडका, कारण तो मान्य केला की हात हलवावा लागत नाही. पण या गाड्यांचा वंश पाहिला तर तो पटत नाही. नवलमल फिरोदियांनी १९५८ मध्ये जर्मनीतल्या टेम्पो कंपनीच्या साथीने बजाज टेम्पो सुरू केली. आज तिचं नाव फोर्स मोटर्स आहे. आकुर्डीच्या कारखान्यातून १९६९ पासून मॅटाडोर बाहेर पडू लागली, तीही जर्मन आराखड्यावरची. १९८७ मध्ये आलेली ट्रॅव्हलर ही मर्सिडीजच्या टी-१ व्हॅनची भारतीय बहीण. टी-१ ब्रेमेनमध्ये १९७७ पासून बनत होती आणि तिच्यावर वेस्टफालिया कंपनीने ‘जेम्स कुक’ नावाचं फिरतं घर उभं केलं. तिकडच्या पावसात अशा गाड्या आजही कोरड्या राहतात. खिडकी नीट बसवलेली असली की वय आडवं येत नाही.

  

आता पाणी. जिथे टपकतं तिथूनच ते आत शिरतं, हा समज सर्वांत घट्ट बसलेला आहे. बाहेरचा पत्रा आणि आतलं पॅनेल यांच्यामध्ये पोकळी असते. छपरावरच्या कॅरिअरच्या बोल्टमधून शिरलेलं पाणी त्या पोकळीतून उतरत उतरत खिडकीच्या चौकटीवर येतं आणि तिथे दिसतं. दोष मात्र खिडकीला लागतो. कधी कधी तर पाऊसच नसतो. डिसेंबरात पाचगणीला सगळ्या काचा लावून दोघं झोपले, की सकाळी काचेवरून ओघळणारं पाणी हे त्यांच्याच श्वासातली वाफ असते. त्यावर उपाय एकच, काच बोटभर उघडी ठेवणं.

खरी गळती शोधायला बागेतला साधा पाइप पुरतो. आतलं पॅनेल काढायचं, चौकटीच्या आतल्या बाजूला टाल्कम पावडर भुरभुरायची आणि एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं. दुसऱ्याने बाहेरून मंद धार आधी खिडकीच्या खालच्या कडेवर धरायची. चार-पाच मिनिटं काही झालं नाही तर दोन्ही बाजू, मग वरची कड, मग छपराची पन्हाळ आणि सर्वांत शेवटी कॅरिअरचे बोल्ट. पावडरीत ओघळ उमटला की वाट सापडली. सुरुवात वरून केली तर पाणी सगळीकडूनच वाहतं आणि काहीच कळत नाही. वॉशिंग सेंटरची जोरदार धार तर मुळीच नको. ती चांगल्या रबरातूनही पाणी आत ढकलते.

या तपासणीत सरकत्या काचांचं एक गुपित बाहेर येतं. या काचा ज्या ॲल्युमिनियमच्या चॅनेलमध्ये सरकतात, त्यात पाणी उतरणं गृहीतच धरलेलं असतं. चॅनेलच्या तळाशी, बाहेरच्या बाजूला, बारीक भोकं असतात. उतरलेलं पाणी तिथून परत बाहेर पडतं. वर्षानुवर्षांची धूळ, काचेच्या मखमली पट्टीचे सुटलेले धागे आणि वाळलेली पानं यांनी ती बुजतात. चॅनेल भरतो आणि पाणी आतल्या कडेवरून गादीवर सांडतं. त्याहून वाईट म्हणजे एखादा उत्साही कारागीर ‘इथे भोकं पडलीत’ म्हणून तीच सिलिकॉनने भरून टाकतो. खिडकी उतरवण्याआधी बारीक तार फिरवून ती मोकळी करून पाहावीत. कित्येकदा काम तिथेच संपतं.

सिलिकॉनबद्दलचा भक्तिभाव तर थोडा आवरायलाच हवा. फाटक्या रबरावर बाहेरून ओढलेली पट्टी पाणी थांबवते असं वाटतं, पण ते दुसरीकडून शिरतं आणि या पट्टीमुळे आतच अडकतं. हार्डवेअरच्या दुकानातल्या स्वस्त ट्यूबला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. वाळताना त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं आणि ते उघड्या पत्र्याला गंज धरवतं. शिवाय सिलिकॉनच्या थरावर ना रंग धरत, ना दुसरं सीलंट, ना नवीन सिलिकॉन. पुढे खरी दुरुस्ती करायची झाली की तो कणाकणाने खरवडण्यात दिवस जातो.

रबर खरंच गेलं असेल, म्हणजे नखाने दाबल्यावर कडक लागत असेल आणि कोपऱ्यांना चिरा गेल्या असतील, तर काच उतरवावी लागते. इथे स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायची घाई नडते. बाजूच्या काचा टफन्ड असतात. मधोमध बुक्की सोसतात, पण कडेला लोखंड लागलं की क्षणात दाणे दाणे होतात. अशी काच नंतर कापताही येत नाही, म्हणजे नवीनच करून घ्यावी लागते, आयएस २५५३ चा शिक्का असलेली. जुनं रबर टाकूनच द्यायचं असल्याने कटरने त्याची आतली कड सरळ कापून काढावी, बाहेर एकाला दोन्ही हात लावून उभं करावं आणि आतून वरच्या कोपऱ्यापासून तळव्याने हळूहळू ढकलावं.

काच निघाली की नवं रबर आणायला पळू नये. आधी पत्र्याची ती कड पाहावी, जिच्यावर रबर बसतं. बहुतेक जुन्या गाड्यांत खालच्या कोपऱ्यांत गंजाचे पापुद्रे असतात. त्यांवर बसवलेलं नवं रबर एका पावसाळ्याचं सोबती. पापुद्रे वायर ब्रशने काढायचे, उरलेल्या डागांवर फॉस्फरिक ॲसिडचं गंजरोधक लावायचं, मग इपॉक्सी प्रायमर, मग रंग, आणि तो पूर्ण वाळू द्यायचा. पत्र्याला आरपार भोक असेल तर डेंटरकडून तुकडा जोडून घ्यायचा. पुटी भरून वेळ मारून नेली, तर कड जाड होते आणि रबराच्या खाचेत ती बसतच नाही.

रबर विकत घेताना ‘मॅटाडोरचं द्या’ एवढं सांगून भागत नाही. जुन्या रबराचा बोटभर तुकडा पुण्याच्या नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत घेऊन जावा आणि काचेची खाच नि पत्र्याची खाच दोन्ही जुळवून घ्याव्यात. मापापेक्षा किंचित लांब कापावं. ताणून बसवलेलं रबर काही महिन्यांत आखडतं आणि सांधा उघडतो. बसवताना ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावायची सवय मोडलेली बरी, कारण खिडक्यांना जे ईपीडीएम रबर वापरतात ते पेट्रोलियम तेलाने फुगतं. साबणाचं पाणी उत्तम.

मग दोरीची युक्ती. रबर आधी काचेभोवती चढवायचं, पत्र्याच्या खाचेत नायलॉनची बारीक दोरी फिरवायची आणि तिची दोन्ही टोकं खाली मध्यावर आतल्या बाजूला सोडायची. बाहेरच्याने काच चौकटीवर दाबून धरायची, आतल्याने दोरी ओढत जायची. दोरी निघते तशी रबराची कड पत्र्यावर चढत जाते. रबर आणि पत्रा यांच्यामध्ये कधीच कडक न होणारं ब्यूटाइल सीलंट घातलं तर पुढच्या वेळी काच सहज निघते. पॉलियुरेथेन इथे नको. ते काच पत्र्याला चिकटवण्यासाठी आहे, आणि उतरवताना सगळंच फाडून आणतं.

हे काम मार्च ते मेमध्ये करावं. आणि पाइपने पुन्हा एकदा खालून वर पाणी मारून पाहिल्याशिवाय आतलं पॅनेल लावू नये.