वसईचे मुके मनोरे

मोठ्या आवाजाच्या मनुष्यास ‘नारोशंकराची घंटा’ म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. मानवत-पाथरीकडील जीं कुटुंबें गोदास्नानासाठीं नाशकास जातात, त्यांपैकीं पुष्कळांनीं पंचवटींतील रामेश्वराच्या देवळावरील ही घंटा प्रत्यक्ष पाहिलीही असेल. देऊळ १७४७ सालचें. घंटेवर मात्र १७२१ हा सन आहे. म्हणजे देवळाहून घंटा २६ वर्षांनीं वडील! ती आली वसईच्या विजयाची खूण म्हणून. तेव्हां घंटा पाहणाऱ्यानें, अशा घंटा ज्या मनोऱ्यांत एके काळीं घुमत, ते मनोरेही एकदां पाहावे.

मार्ग सोपा आहे. मानवत रोड स्टेशनावरून मनमाडमार्गें मुंबईस यावें. तेथून पश्चिम रेल्वेनें वसई रोडला उतरून पुढें बसनें अथवा रिक्षानें किल्ला गांठावा.

गुजरातच्या बहादूरशहानें १५३४ सालीं वसई पोर्तुगीजांस दिली. त्यांनीं तटाच्या आंत सबंध शहरच वसविलें. जेझुइट, फ्रान्सिस्कन, डोमिनिकन अशा निरनिराळ्या पंथांनीं आपापलीं चर्चें व मठ तेथें उभारले. पुढें १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजीअप्पांनीं किल्ला घेतला. शरण आलेल्या शिबंदीस त्यांनीं सन्मानानें बाहेर जाऊं दिलें, ही गोष्ट मुलांस अवश्य सांगावी.

आज सेंट जोसेफ चर्चचा उंच मनोरा उभा आहे. आंत चक्राकार जिना आहे. छप्पर मात्र नाहीं. भिंतींवर झाडें रुजलीं आहेत. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्यें पायांखालीं अक्षरें कोरलेल्या शिळा लागतात. त्यांस फरसबंदी समजून लोक जोड्यांसह तुडवीत जातात; पण तीं थडगीं आहेत. रावण पडल्यावर, वैर मृत्यूपाशीं संपतें असें श्रीरामांनीं बिभीषणास समजाविलें. ज्या घरांत रामायण वाचलें जातें, तेथील मंडळींस त्या शिळांना वळसा घालून जाण्यास निराळें सांगावें लागूं नये.

हीं स्थळें सर्वस्वीं परक्यांचीं, असेंही समजूं नये. संत गोन्सालो गार्सिया मूळचे वसईचेच. जपानांत नागासाकी येथें १५९७ सालीं त्यांस क्रूसावर देण्यांत आलें व १८६२ सालीं संतपद मिळालें. किल्ल्यांतील त्यांच्या नांवाच्या चर्चची डागडुजी झालेली आहे. भोंवतालचा ख्रिस्ती समाज घरांत मराठीच बोलतो. वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० सालीं आपल्या मराठवाड्यांत, उस्मानाबादेस भरलेल्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष होते. त्याच तटाच्या आंत नागेश्वराचें देऊळ आहे आणि चिमाजीअप्पांचा पुतळाही आहे.

आपला विजय आणि शेजाऱ्याच्या पूर्वजांचें भजनस्थान, हीं दोन्ही येथें एकाच मातीवर उभीं आहेत. विजयाचा अभिमान खुशाल धरावा. पण पडक्या देवस्थानाची अवहेलना केल्यानें तो अभिमान वाढत नाहीं. भिंतींवर नांवें कोरण्याचा जो हव्यास तेथें जागोजाग दिसतो, त्यापासून घरच्या मुलांस वडीलधाऱ्यांनीं परावृत्त करावें. दगड बोलत नाहीं म्हणून त्यावर कांहींही लिहावें, असें नाहीं. आणि परततांना नाशकास उतरणें झालें, तर ती घंटा पुन्हां एकदां अवश्य पाहावी. ती आतां अधिक कळेल.