वजनात बसणे : अमेरिकेतील कॉलेज-कुस्ती आणि आपण डॉक्टर

काही वर्षांपूर्वी हिवाळ्यातील एका रात्री साडेदहाच्या सुमारास सतरा वर्षांच्या एका मुलास घेऊन त्याचे वडील आणि तालमीचे वस्ताद माझ्या बेळगावातील दवाखान्यात आले. ओठ सुकलेले, पोटऱ्यांत पेटके, नाडी मिनिटाला १३०, दुपारपासून लघवी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या कॉलेजच्या कुस्ती संघाची निवड होती. वजन उतरविण्यासाठी दोन दिवस त्याने पाणी जवळजवळ तोडले होते आणि अंगात रेनकोट घालून तो मैदानाला फेऱ्या मारीत होता. मी सलाईनची तयारी करू लागताच वडील हात जोडून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, सलाईन तेवढं लावू नका. सकाळी काट्यावर वजन वाढंल."

सलाईन अर्थातच लावले. मुलाची निवड हुकली आणि घरी जाईपर्यंत तो माझ्याशी एक शब्दही बोलला नाही. परंतु मला अधिक लागली ती दुसरीच गोष्ट. तीनच महिन्यांपूर्वी याच मुलाच्या तंदुरुस्तीच्या दाखल्यावर मी सही केली होती. हृदय, फुप्फुसे, रक्तदाब, हर्निया, सारे तपासले होते. कोणत्या वजनगटात उतरणार आणि त्या वजनापर्यंत कसा पोहोचणार, हे मात्र विचारले नव्हते.

पुढे मुलीकडे अमेरिकेत, आयोवा राज्यात, काही महिने राहण्याचा योग आला. त्या राज्यात कॉलेजच्या कुस्तीला, आपल्याकडे यात्रेतल्या मैदानाला लोटावी तशी गर्दी लोटते. तेथे मी सामने पाहिले, नियम समजून घेतले आणि माझ्या दवाखान्यातील त्या रात्रीचे उत्तर तेथील इतिहासात सापडले. ते आपल्या वैद्यकीय मित्रांपुढे आणि समाजबांधवांपुढे ठेवावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

सात मिनिटांची झुंज

अमेरिकन कॉलेजांतील कुस्ती ऑलिम्पिकमधील फ्रीस्टाइलहून काहीशी निराळी आहे. सामना तीन, दोन आणि दोन अशा एकूण सात मिनिटांचा असतो. उभ्याने पट काढून प्रतिस्पर्ध्याला खाली आणून ताब्यात घेतले की त्यास टेकडाऊन म्हणतात. त्यास पूर्वी दोन गुण असत, २०२३-२४ च्या हंगामापासून तीन मिळतात. एका पायाचा पट, दोन्ही पायांचा पट आणि आपल्या कलाजंगसारखा खांद्यावर उचलण्याचा डाव ही तेथील नेहमीची हत्यारे. पट आला की पाय मागे फेकून छातीचा भार प्रतिस्पर्ध्यावर टाकणे हा त्यावरचा बचाव.

खरा फरक खाली गेल्यानंतर दिसतो. खालच्या मल्लाने सुटका करून घेतल्यास एक गुण, त्यानेच उलटून वर ताबा मिळविल्यास दोन. वरच्याने त्याची पाठ काही सेकंद जमिनीच्या दिशेने वळवून धरली तर दोन, तीन किंवा चार. याशिवाय वरच्या मल्लाने सवारी करून प्रतिस्पर्ध्यापेक्षा एक मिनिट अधिक काळ ताबा ठेवला, तर अखेरीस एक गुण मिळतो. दोन्ही खांदे टेकवून धरले की कुस्ती तेथेच निकाली, आपल्या भाषेत चितपट.

ताब्यावर इतका भर असलेल्या या खेळात खालून उसळी मारून उठणे आणि वरून दाबून धरणे, दोन्हींना दम लागतो. स्नायूंतील ग्लायकोजेन आणि शरीरातील पाणी संपवून आलेला मल्ल पहिली तीन मिनिटे कदाचित निभावून नेतो, शेवटच्या दोन मिनिटांत त्याचे पाय साथ देत नाहीत. वजन उतरवून मिळविलेला लाभ बहुधा येथेच हातचा जातो.

दहा वजने, एक संघ

दोन कॉलेजांच्या लढतीत दहा वजनगटांत दहा कुस्त्या होतात. सर्वांत हलका गट १२५ पौंडांचा, म्हणजे सुमारे ५७ किलोंचा, आणि सर्वांत जड गट २८५ पौंडांपर्यंतचा, सुमारे १२९ किलोंचा. साध्या विजयास संघाला तीन गुण मिळतात, आठ ते चौदा गुणांच्या फरकाने जिंकल्यास चार, पंधराच्या फरकास पाच आणि चितपट केल्यास सहा. एखाद्या गटात मल्लच उतरवता आला नाही, तर प्रतिस्पर्धी संघाला न खेळता सहा गुण जातात.

वजनाचे दडपण कोठून येते, ते या हिशेबावरून ध्यानात येईल. एका गटात एकच जागा. दोन चांगले मल्ल एकाच वजनाचे असतील, तर त्यांपैकी एकाने खालच्या गटात जावे, ही अपेक्षा आपोआप निर्माण होते. खालची जागा रिकामी असेल तर अपेक्षेचे दडपण होते. मुलगा स्वतःसाठी उपाशी राहत नाही, संघासाठी राहतो. म्हणूनच त्याला थांबविणे कठीण जाते.

राष्ट्रीय स्पर्धेचे आकर्षण तर विलक्षण आहे. १९२८ साली आयोवातील एम्स येथे सुरू झालेली ही स्पर्धा आता मार्चमध्ये तीन दिवस चालते. वरच्या श्रेणीत प्रत्येक गटात ३३, म्हणजे एकूण ३३० मल्लांनाच प्रवेश असतो. हंगामातील कामगिरीवरून प्रत्येक विभागीय परिषदेच्या वाट्याला काही जागा येतात. परिषदेच्या स्पर्धेत त्या जागांवर येणारे थेट पात्र ठरतात आणि उरलेल्या थोड्या जागा निवड समिती भरते. गटात पहिल्या आठांत आलेल्यास ऑल-अमेरिकन हा मान मिळतो.

या स्पर्धेने मोठी नावे घडविली. डॅन गेबल यांच्या मार्गदर्शनाखाली आयोवा विद्यापीठाने १९९७ पर्यंत १५ राष्ट्रीय सांघिक विजेतीपदे मिळविली. केल सँडरसन हे कॉलेजमध्ये १५९ कुस्त्या खेळले आणि एकही हरले नाहीत. पुढे त्यांच्या मार्गदर्शनाखाली पेन स्टेट विद्यापीठाने २०११ ते २०२५ या काळात १२ वेळा राष्ट्रीय विजेतेपद पटकाविले. अशा परंपरेत चार-पाच किलो वजनाची किंमत ती काय, असे तरुण मनाला वाटले तर नवल नाही.

तेहतीस दिवस, तीन मृत्यू

ती किंमत १९९७ मध्ये सर्वांना कळली. ७ नोव्हेंबर ते ९ डिसेंबर या ३३ दिवसांत नॉर्थ कॅरोलिना, विस्कॉन्सिन आणि मिशिगन या तीन राज्यांतील तीन कॉलेज-मल्ल मरण पावले. वये १९, २२ आणि २१. तिघांचाही मृत्यू कुस्तीत झालेला नाही. तिघेही वजन उतरवीत होते.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने फेब्रुवारी १९९८ मध्ये या घटनांचा अहवाल प्रसिद्ध केला. तिघांनी खाणेपिणे कमी केले होते, घामाची वाफ बाहेर जाऊ न देणारे पोशाख चढविले होते आणि उष्ण जागेत जोरकस व्यायाम चालविला होता. विस्कॉन्सिनच्या तरुणाचे गुदमार्गे मोजलेले तापमान १०८ अंश फॅरनहाइट होते.

यामागील शरीरक्रिया आपणा डॉक्टरांस परिचित आहे, तरी सामान्य वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. व्यायामाने निर्माण झालेली उष्णता आपण मुख्यतः घाम सुकवून बाहेर टाकतो. घाम नुसता येऊन भागत नाही, तो सुकावा लागतो. रबरी पोशाखात तो सुकत नाही. पाणी जाते, उष्णता राहते. रक्तातील द्रव घटल्याने हृदय प्रत्येक ठोक्यास कमी रक्त फेकते आणि ती उणीव भरून काढण्यासाठी अधिक वेगाने धडधडते. कातडीकडे जाणारा रक्तपुरवठा कमी होतो, पुढे घामही आटतो आणि तापमान झपाट्याने चढते. स्नायू फुटू लागले की पोटॅशियम रक्तात उतरते, मूत्रपिंडे अडखळतात, हृदयाची लय बिघडते. पूर्णतः निरोगी तरुणाच्या बाबतीत हे सारे काही तासांत घडू शकते. त्याचे हृदय आधी कितीही वेळा तपासलेले असो.

नियम कसे बदलले

कॉलेजांच्या खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने पुढचा हंगाम येईपर्यंत वाट पाहिली नाही. जानेवारी १९९८ मध्ये, ऐन हंगामात, रबरी पोशाख आणि सॉनासारख्या उष्ण खोल्यांवर बंदी आली. पूर्वी वजन केल्यानंतर कुस्तीपर्यंत बराच अवधी मिळे आणि त्या वेळात पाणी पिऊन भरपाई करता येईल, या भरवशावर मुले स्वतःला वाळवीत. आता वजन कुस्तीच्या एक-दोन तास आधी होऊ लागले. ऐनवेळी वाळून येणाऱ्याला भरपाईस वेळच उरला नाही. वजनगटही साधारण सात पौंडांनी वर सरकविले गेले.

सर्वांत महत्त्वाचा बदल पुढचा आहे. हंगामाच्या आरंभीच प्रत्येक मल्लाचे किमान वजन ठरते, आणि ते प्रशिक्षक ठरवीत नाही, वैद्यकीय पथक ठरविते. प्रथम लघवीचे विशिष्ट गुरुत्व पाहतात. ते १.०२० हून अधिक असेल, तर शरीरात पाणी कमी आहे असे समजून चाचणीच नाकारतात. मग शरीरातील चरबी मोजतात. कॉलेजच्या पुरुष मल्लाची चरबी ५ टक्क्यांखाली जाईल अशा वजनात त्याला खेळता येत नाही. शाळकरी मुलांसाठी ही मर्यादा ७ टक्के, मुलींसाठी १२ टक्के आहे. शिवाय आठवड्यास दीड टक्क्याहून अधिक वजन उतरविण्यास मुभा नाही.

उदाहरण घेऊ. सतरा वर्षांच्या मुलाचे वजन ७० किलो, चरबी १२ टक्के. म्हणजे चरबीविरहित वजन ६१.६ किलो. ७ टक्क्यांची मर्यादा धरता त्याचे किमान वजन ६१.६ भागिले ०.९३, म्हणजे सुमारे ६६.२ किलो येते. ६५ किलोंचा गट त्याच्यासाठी नाही, त्याने ७० मध्ये खेळावे. एवढे गणित त्या मुलाच्या बाबतीत मी केले असते, तर ती रात्र टळली असती.

आपल्यासाठी

ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला अंतिम फेरीच्या सकाळी विनेश फोगाट यांचे वजन ५० किलोंहून १०० ग्रॅम अधिक भरले आणि त्या स्पर्धेबाहेर गेल्या. त्या वेळी घराघरांत शंभर ग्रॅमवर चर्चा झाली. आदल्या रात्री शरीराला काय सोसावे लागले असेल, यावर त्या मानाने कमी झाली. त्या प्रौढ खेळाडू होत्या आणि त्यांच्यापाशी वैद्यकीय पथक होते. आपल्या तालमीतील मुलापाशी बहुधा आपणच असतो, तेही दाखल्यावर सही करण्यापुरते.

तेव्हा त्या सहीपूर्वी चार गोष्टी विचाराव्यात, अशी माझी मित्रांना विनंती आहे. आजचे वजन किती? कोणत्या गटात खेळणार? किती आठवड्यांत? आणि पाणी तोडण्याचा विचार आहे का? वाढीच्या वयातील मुलाचा आलेख समोर ठेवावा, कारण सहा महिन्यांपूर्वीचा गट आज त्याचा उरलेला नसतो. मुलगी असल्यास मासिक पाळीची चौकशी करावी. वस्तादांना दवाखान्यात बोलावून हे गणित समजावून द्यावे. माझा अनुभव असा की, ते आपल्याइतकेच त्या मुलाच्या काळजीत असतात. त्यांना कोणी आकडा दिलेला नसतो.

तो मुलगा पुढच्या वर्षी दाखल्यासाठी पुन्हा आला. या वेळी वस्तादही बरोबर होते. आम्ही तिघांनी मिळून वजन केले, चरबी मोजली आणि वरचा गट ठरविला. निवड झाली. स्पर्धेत तो दुसऱ्या फेरीत हरला. परत आल्यावर माझ्याकडे येऊन म्हणाला, "हरलो डॉक्टर, पण शेवटपर्यंत दम होता." पुढील वर्षाच्या तयारीला तो त्याच आठवड्यात लागला.