बत्तीस गोळ्यांचे जहाज

भारतीय नौदलाच्या इतिहासात ११ नोव्हेंबर १९४२ या तारखेला मानाचे पान आहे. ‘बेंगाल’ नावाच्या चिमुकल्या युद्धनौकेने हिंदी महासागरात दोन जपानी जहाजांशी झुंज घेतली आणि त्यातले एक तळाला गेले, अशी ती हकिगत. बेंगाल ज्याच्या राखणीला निघाली होती ते तेलवाहू जहाज मात्र या हकिगतीत एखाद्या वाक्यापुरते डोकावते. ‘ओन्दिना’ हे त्याचे नाव. त्या दिवसाची खरी गोष्ट ओन्दिनाची आहे, असे माझे मत आहे.

ओन्दिना १९२९ साली ॲमस्टरडॅमला बांधली गेली. शेल समूहाच्या ‘ला कोरोना’ या डच कंपनीचे हे सहा हजार तीनशे टनांचे टँकर, वेग जेमतेम बारा नॉट. मे १९४० मध्ये जर्मनीने हॉलंड गिळले. तिथले सरकार लंडनला गेले आणि परमुलखात असलेली डच व्यापारी जहाजे त्याने युद्धाच्या कामाला जुंपली. मालक मायदेशी अडकलेले आणि जहाजे दोस्तांच्या दिमतीला, असा तो प्रकार होता. मार्च १९४२ मध्ये डच ईस्ट इंडीजही पडले, तिथल्या तेलविहिरी जपानच्या हाती गेल्या. आता ऑस्ट्रेलियाची आणि हिंदी महासागरातल्या आरमाराची मदार मुख्यतः इराणच्या आखातातल्या अबादानच्या तेलावर होती. अशा वेळी एकेका टँकरला केवढे मोल आले असेल!

जपानला तर तेलाइतकीच ते वाहून नेणाऱ्या जहाजांची हाव होती. ‘होकोकु मारू’ आणि ‘ऐकोकु मारू’ ही ओसाकाच्या एका कंपनीची, आफ्रिकेच्या फेऱ्यांसाठी बांधलेली दहा हजार टनी प्रवासी जहाजे. आरमाराने ती ताब्यात घेतली, साडेपाच इंची तोफा आणि पाणतीर बसवले, वर टेहळणीची विमानेही दिली. वेग एकवीस नॉट. मे १९४२ मध्ये या जोडीने ‘गेनोता’ हे डच टँकर न बुडवता पकडून नेले आणि नाव बदलून जपानी आरमारात वापरले. जुलैत न्यूझीलंडचे ‘हौराकी’ त्याच वाटेने गेले. थोडक्यात, समोरासमोर आली ती दोन्हीकडची सक्तीने भरती झालेली व्यापारी जहाजेच.

अपवाद बेंगालचा. सिडनीत बांधलेली ही नवीकोरी सुरुंग काढणारी नौका ऑगस्टमध्येच रॉयल इंडियन नेव्हीत दाखल झाली होती. या नौदलाचे खलाशी युद्धापूर्वी बहुतांशी आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातून येत. युद्धात भरती देशभर पसरली. बेंगालवर मोठी म्हणावी अशी एकच तीन इंची तोफ होती. ओन्दिनावर चार इंची एक तोफ आणि तिचे मोजून बत्तीस गोळे. डच, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन गोलंदाज ती चालवत.

५ नोव्हेंबरला दोन्ही जहाजे ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटल बंदराहून निघाली, दिएगो गार्सियाच्या दिशेने. ओन्दिनाला पुढे अबादानला जायचे होते. सहाव्या दिवशी दुपारच्या सुमारास, कोकोस बेटांच्या नैऋत्येला, जपानी जोडी दिसली. बेंगालचा कप्तान विल्सन याने ओन्दिनाला निसटायला सांगितले आणि आपली नौका थेट शत्रूवर घातली. ओन्दिनाचा कप्तान विलेम हॉर्समनही तोफ चालवू लागला. थोड्याच वेळात एक गोळा होकोकु मारूच्या पाणतिरांच्या जागी लागला. स्फोट झाला, आग पसरली आणि जहाज बुडाले.

तो गोळा कोणाचा, यावर दोन पक्ष आहेत. आपल्याकडे श्रेय बेंगालला जाते, डच ते ओन्दिनाला देतात. मला डचांचे म्हणणे पटते, कारण टँकरची तोफ मोठी होती. अर्थात बेंगालने आग अंगावर घेतली नसती, तर त्या तोफेला नेम धरायला उसंत मिळाली नसती.

बेंगालचा दारूगोळा संपत आला. धुराचा पडदा सोडून ती दूर गेली आणि ओन्दिना बुडाल्याचा तिचा समज झाला. विल्सनला यावरून दोष देणारे आहेत. रिकाम्या तोफेने तो आणखी काय करणार होता, हे त्यांनी सांगावे.

इकडे ओन्दिनाचे बत्तीसही गोळे संपले. हॉर्समनने जहाज सोडायचा हुकूम दिला आणि तेवढ्यात ब्रिजवर पडलेल्या गोळ्याने त्याचा बळी घेतला. माणसे होड्यांत उतरली. ऐकोकु मारूने टँकरमध्ये दोन पाणतीर घुसवले आणि मग होड्यांवर मशीनगन चालवली. होड्यांतल्या निःशस्त्र माणसांवर! ओन्दिनाचे एकूण पाच जण गेले, त्यांत मुख्य इंजिनियरही होता. होकोकु मारूचे वाचलेले लोक उचलून झाल्यावर जपान्यांनी आणखी एक पाणतीर सोडला, तो चुकला. जहाज बुडणारच, असे धरून ते निघून गेले.

ते बुडाले नाही. पाणतीर लागले त्या टाक्या रिकाम्या होत्या. पहिला अधिकारी रेविंकल माणसे घेऊन पुन्हा चढला. आग विझवली, कललेल्या जहाजाच्या दुसऱ्या बाजूला पाणी भरून तोल सावरला, इंजिन चालू केले आणि नाक फ्रीमँटलकडे वळवले. मला लढाईपेक्षा हे काम मोठे वाटते. जखमींसाठी डॉक्टर हवा होता, पण सांकेतिक पुस्तके आधीच समुद्रात टाकलेली. साध्या भाषेत पाठवलेल्या बिनतारी संदेशाला किनाऱ्याने उत्तर दिले नाही. बुडालेले जहाज बोलते आहे म्हणजे जपानी सापळा, असा संशय. शेवटी गस्तीच्या विमानाने तिला पाहिले. १८ नोव्हेंबरला ओन्दिना बंदरात शिरली. बेंगाल आदल्याच दिवशी दिएगो गार्सियाला पोचली होती.

त्या जखमी अवस्थेतही टँकरला सुटी नव्हती. पश्चिम ऑस्ट्रेलियात एक्समाउथच्या आखातात उभे राहून तिने अमेरिकन पाणबुड्यांना तेल पुरवले. पुरती दुरुस्ती पुढे फ्लोरिडातल्या टँपाला झाली आणि १९४४ मध्ये ती पुन्हा फेऱ्यांना लागली. ऐकोकु मारू त्याच वर्षी फेब्रुवारीत ट्रुक इथे अमेरिकन विमानांनी बुडवली. हॉर्समनला हॉलंडचा सर्वोच्च लष्करी सन्मान मरणोत्तर मिळाला. ओन्दिना १९५९ साली हाँगकाँगला मोडीत निघाली. बेंगाल पुढच्या वर्षी, स्वतंत्र भारताच्या नौदलातून निवृत्त झाली.